वेबकॅममधून गुरू ग्रह: शार्प केला की जाळी दिसते, वेव्हलेटचं सेटिंग सांगा

मागीलदार_डिचोली:
नमस्कार मंडळी. सहा इंची डॉब (डॉब्सोनियन, आरशाची दुर्बीण) आहे, एफ/८ (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या आठपट), फोकल लेंथ १२०० मिमी, ट्रॅकिंग बिकिंग काही नाही, हाताने ढकलायचा. घरात लॉजिटेकचा जुना सी२७० वेबकॅम पडून होता त्याची पुढची लेन्स काढली, सव्वा इंची नळी चिकटवली आणि २एक्स बार्लो (चित्र दुप्पट मोठं करणारं भिंग) लावून मागच्या परसातून गुरूचे व्हिडिओ काढतोय. ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करतो, म्हणजे चांगल्या फ्रेम एकावर एक रचतो, मग रेजिस्टॅक्समध्ये वेव्हलेटने, म्हणजे बारीक-जाड तपशील वेगवेगळ्या लेयरमध्ये उचलणाऱ्या स्लायडरने, शार्प करतो. पहिले दोन स्लायडर थोडे ओढेपर्यंत मस्त वाटतं, दोन पट्टे नीट दिसतात, अजून जरा ओढलं की सगळ्या गोळ्यावर मच्छरदाणी टाकल्यासारखी चौकोनी जाळी येते, कडेला पांढरी रिंग, आणि रंग तर काय विचारू नका, गुलाबीसर जांभळा गुरू कुणी बघितलाय का?
तर कुठला लेयर किती ठेवायचा एवढं कुणीतरी सांगा. व्हिडिओंमध्ये प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

फोंडेकार:
सेटिंग राहू दे, आधी हे सांग की व्हिडिओ कुठल्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे फॉरमॅटमध्ये घेतोस? शार्पकॅप या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे ड्रॉपडाउन असतो बघ. एमजेपेग (प्रत्येक फ्रेम जेपेग करून आवळणारा) असेल तर तिथेच घोळ आहे.

मागीलदार_डिचोली:
हो एमजेपेगच आहे. १२८० बाय ७२०, ३० फ्रेम. दुसरं काही निवडलं की फ्रेमरेट एकदम पडतो म्हणून तेच ठेवलं.

टूकॅमवाले_काका:
फोंडेकार बरोबर बोलतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर सीझनला नव्याने येतो.
ती जाळी वेव्हलेटने तयार केलेली नाही, ती तुझ्या व्हिडिओत आधीपासून आहे, वेव्हलेटने फक्त ती वर आणली. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा आवळतं. फोटो ३०० टक्के मोठा करून जाळीचा एक चौकोन मोज, आठच पिक्सेल भरतील. आता गंमत अशी की आवळताना जेपेग सगळ्यात आधी काय फेकतं तर बारीक आणि फिका तपशील, म्हणजे गुरूच्या पट्ट्याच्या कडेची ती कुरतडल्यासारखी नक्षी, म्हणजे नेमकं तेच ज्याच्यासाठी आपण रात्री जागतो. ते एकदा गेलं की कुठल्याही लेयरमधून परत येत नाही.
फ्रेमरेट का पडतो त्याचं साधं गणित आहे. न आवळता एका पिक्सेलला दोन बाइट. १२८० × ७२० × २ × ३० म्हणजे सेकंदाला ५५ एमबी. यूएसबी २ कागदावर ६० एमबी नेतं पण प्रत्यक्षात चाळीसच्या आतच जातं. म्हणजे कॅमेऱ्याला एकतर फ्रेम कमी करायला लागतात नाहीतर आवळायला लागतं. ६४० × ४८० ला हाच हिशोब १८ एमबीवर येतो, ते आरामात जातं. तेव्हा वाययूवाय२ (न आवळणारा फॉरमॅट), ६४० × ४८०, ३० फ्रेम. गुरू मावायला तेवढी चौकट भरपूर झाली, बाजूचं काळं आकाश साठवून काय करायचंय?
आम्ही फिलिप्सच्या टूकॅम या जुन्या वेबकॅमवर होतो तेव्हा तर यूएसबी १.१ होतं, दहाच्या वर फ्रेमरेट नेला की तो कॅमेरा गुपचूप आवळायला लागायचा, म्हणून सगळे पाच नाहीतर दहावर अडून बसायचे. कॅमेरे बदलले, हे दुखणं तेच.

निशाचर_केपे:
काकांच्या पोस्टला एक पुरवणी. ६४० बाय ४८० केल्यावर काही वेबकॅम मधला तुकडा कापून देतात आणि काही अख्खं चित्र लहान करून देतात, आणि कुठलं करतोय ते कुठेही लिहिलेलं नसतं. दोन्ही मोडमध्ये गुरूची रुंदी पिक्सेलमध्ये मोज. तेवढीच भरली तर क्रॉप, चांगलं आहे. निम्मी भरली तर स्केल, मग तुझा २.८ मायक्रॉनचा पिक्सेल व्यवहारात ५.६ चा झाला आणि बार्लो अपुरा पडणार.

मागीलदार_डिचोली:
ताई मोजलं. आधी १८० च्या आसपास होती, आता ९० च्या जरा वर. म्हणजे स्केल.

निशाचर_केपे:
मग ढोबळ नियम असा की पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा त्याच्या पाचपट एफ नंबर पाहिजे. २.८ ला एफ/१४, म्हणजे तुझा २एक्स बार्लोचा एफ/१६ झकास होता. ५.६ ला एफ/२८ पाहिजे. नवीन बार्लो विकत घेऊ नकोस, बार्लो आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन नळी घाल. अंतर वाढलं की बार्लोची पट वाढते, बार्लोच्या स्वतःच्या फोकल लेंथइतकं अंतर वाढवलं तर २ चे ३ होतात. ३ एक्सला तू एफ/२४ वर येतोस, म्हणजे पिक्सेलला ०.३२ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद), सहा इंचाला पुरे. सहा इंची दुर्बिणीची पोचच पाऊण आर्कसेकंदाची आहे, त्याच्यापुढे मोठं करत गेलास तर फक्त मोठा धूसर गोळा मिळेल आणि अंधार पडेल तो वेगळा.

रातकिडा_म्हापसा:
एवढा खटाटोप कशाला? एखादा खरा प्लॅनेटरी कॅमेरा घेऊन टाक ना. मी एएसआय१२०एमसी सेकंडहँड घेतला, ३.७५ मायक्रॉन पिक्सेल, रॉ व्हिडिओ, छोटी चौकट कापून घेता येते, आवळण्याची भानगडच नाही. वेबकॅमचा जमाना गेला आता.

टूकॅमवाले_काका:
कॅमेरा चांगलाच आहे त्याबद्दल वाद नाही. पण कॅमेरा बदलला म्हणून डिचोलीतली हवा बदलणार नाही. आरसा गरम, कोलिमेशन (आरशांची जुळणी) सुटलेलं, फोकस केसभर इकडेतिकडे असं असेल तर महागड्या कॅमेऱ्यातून तीच खिचडी जास्त फ्रेमरेटने मिळेल. पोराचा गुरू अजून वेबकॅमच्या मर्यादेला पोचलेलाच नाही, तो पोचू दे, मग खर्च कर म्हणून मीच सांगेन.

रातकिडा_म्हापसा:
काका ते मान्य, पण वेबकॅमशी झटापट करून कंटाळून दुर्बीण विकून टाकणारे पण बघितलेत. चांगलं साधन हातात असलं की माणूस टिकतो.

फोंडेकार:
दोघांचंही खरं. पुढे चला.
@मागीलदार, रंगाचं सांगतो. सी२७० मध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच लेन्सच्याच मागे असते, लेन्स काढलीस तेव्हा ती पण गेली. आता सेन्सरला इन्फ्रारेड मोकळं मिळतंय आणि ते लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही पिक्सेलमध्ये घुसतं, म्हणून गुलाबी. शिवाय बार्लोमध्ये इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोकसशी जुळत नाही, म्हणजे धूसरपणा पण त्यातूनच. सव्वा इंची यूव्ही-आयआर कट फिल्टर मिळतो, नळीच्या तोंडाला पेच असेल तर तिथेच बसतो. या अख्ख्या धाग्यात पैसे घालण्यासारखी एकच वस्तू असेल तर ती ही.
आणि ऑटो नावाचं जे जे दिसेल ते बंद कर. ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, आणि लॉजिटेकचं ते राइटलाइट, अंधार दिसला की स्वतःच फ्रेमरेट खाली आणतं ते. कॅमेऱ्याला वाटतं काळोख्या खोलीत कोणीतरी बसलंय, तो काळं आकाश उजळवायला जातो आणि गुरू जळून पांढरा होतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ७० टक्क्यांपर्यंत, त्याच्यावर नको. कडेची पांढरी रिंग अर्धी तिथेच जाईल, उरलेली अर्धी शार्पनिंगचा हात आवरलास की.

मडगावची_गच्ची:
हवेबद्दल माझं थोडं, कारण मी सगळ्यात जास्त मार तिथेच खाल्लाय. दुर्बीण कुठे ठेवता आणि ग्रह कशाच्या वरून बघता हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे दिवसभर चिऱ्यांच्या भिंती आणि कौलं तापतात आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती ऊन परत सोडत असतात. गुरू शेजाऱ्याच्या कौलांवरून वर येत असला तर लाइव्ह व्ह्यूमध्ये गोळ्याची कड उकळताना दिसते, अक्षरशः कडेवरून बुडबुडे सरकतायत असं. गच्ची त्याहून वाईट, स्लॅबसारखं ऊन धरून ठेवणारं काही नाही. मी आता गच्ची सोडून खाली हिरवळीवर बसते, नाव मात्र तेच राहिलं. माती किंवा गवत, आणि ग्रहाच्या वाटेत छप्पर नको.
दुसरं म्हणजे दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवू नका हो, बाहेर काढली की आरशावर लगेच धुकं धरतं. वळचणीला, पडवीत, जिथे बाहेरच्या हवेसारखीच हवा आहे तिथे संध्याकाळपासून ठेवायची.

फोंडेकार:
+१. आणि संध्याकाळचे खारे वारे पडून मतलई सुटायच्या मधे जो निवांत तुकडा मिळतो ना, तो सोडू नका. फोंड्यात तरी मला चांगल्या फ्रेम बहुतेक तेव्हाच मिळतात. पार समुद्राकाठचे लोक काय म्हणतात ते वाचायला आवडेल.

काठावरचा_हरमल:
काठावर वारा पडला की हवा छानच असते पण दव मरणाचं. बार्लोच्या काचेवर पण धरतं, चित्र हळूहळू दुधाळ होत जातं आणि आपण बसतो फोकस शोधत. कॅमेऱ्याच्या नळीला जुना पायमोजा गुंडाळतो, फिदीफिदी हसा पण उपयोग होतो.

टूकॅमवाले_काका:
हवेचं निघालंच आहे तर स्टॅकिंग का चालतं तेही सांगतो, म्हणजे किती टक्के फ्रेम ठेवायच्या हा पुढचा प्रश्न आपोआप सुटेल. हवा सारखी हलत असते पण अधूनमधून सेकंदाच्या एखाद्या अंशापुरती ती आरशाच्या पुढ्यात सपाट होते. तेवढ्यात फ्रेम पडली तर ती लकी. डेव्हिड फ्राइडने १९७८ मध्ये याचं गणितच मांडलं, की अशी फ्रेम मिळायची शक्यता दुर्बिणीचा व्यास आणि हवेतल्या शांत तुकड्याचा आकार यांच्या गुणोत्तरावर ठरते. समजा वाईट रात्र आहे आणि शांत तुकडा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे तुझ्या सहा इंचीला गुणोत्तर ५, साधारण दहात एक फ्रेम चांगली. आठ इंचीला तेच हजारात पाच-सहावर येतं. बारा इंचीला दहा लाखांत एक. म्हणून म्हणतो, हवा खराब असली की सहा इंचीवाल्याने स्वतःला गरीब समजायचं कारण नाही. अर्थात हा हिशोब अगदी निर्दोष फ्रेमचा, कामचलाऊ फ्रेम सगळ्यांनाच बऱ्याच मिळतात, आणि हवा उत्तम असलेल्या रात्री मोठा आरसा तो मोठाच.
तेव्हा वाईट रात्री दहा टक्के ठेव, चांगल्या रात्री तीस-चाळीस. शंभर टक्के कधीच नको. फ्रेम चौपट केल्या की नॉइज निम्मा होतो, म्हणजे फ्रेम पाहिजेतच, पण वाईट फ्रेम घालून नॉइज कमी करणं म्हणजे गुळगुळीत केलेला धूसरपणा.

मागीलदार_डिचोली:
काका हे कळलं, पण मग फ्रेम भरपूर पाहिजेत तर व्हिडिओ लांबच्या लांब घेऊ का? दहा मिनिटं?

टूकॅमवाले_काका:
गुरूला नाही चालणार, तो फिरतो. दहा तासांच्या आत एक फेरी. आता त्याचं बिंब ४४ आर्कसेकंदांच्या जवळपास आहे, म्हणजे मधोमध असलेला ठिपका मिनिटाला पाव आर्कसेकंदाच्या जरा आत सरकतो. तुझी पोच पाऊण. तीन मिनिटांनी तपशील स्वतःच्याच अंगावर सांडायला लागतो. अडीच-तीन मिनिटांत आटप, जास्त फ्रेम हव्या असतील तर असे तुकडे घेऊन विनज्युपॉस सॉफ्टवेअरमध्ये डिरोटेट करतात, म्हणजे ग्रहाचं फिरणं भरून काढतात, पण ते नंतर. मंगळ मात्र चोवीस तास सदतीस मिनिटांत फिरतो आणि दिसतोही लहान, तिथे घाई नाही.

मागीलदार_डिचोली:
पण ट्रॅकिंग नसताना तीन मिनिटं कशी धरू? चौकटीतून दहा-बारा सेकंदात पळून जातो.

निशाचर_केपे:
धरू नकोस, पळू दे. त्याला चौकटीच्या एका कडेबाहेर ठेवून हात काढ, थरथर थांबली की रेकॉर्ड, तो आपणहून आडवा जातो. परत पुढे ढकल, परत रेकॉर्ड. तीन मिनिटांत असे सात-आठ तुकडे बसतात. मग पिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सगळे तुकडे जोडतं, गुरू प्रत्येक फ्रेममध्ये मधोमध आणतं, अर्धवट कापलेल्या फ्रेम टाकून देतं. सेव्ह करताना मात्र सेर (SER) फाइल नाहीतर न आवळलेली एव्हीआय. डिस्कवर जागा ठेव, तीन मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग तीन जीबीच्या वर जातं.
फोकससाठी फोकसरच्या चाकाला लाकडी कपड्याचा चिमटा लाव, लांब दांड्यामुळे केसभर फिरवता येतं. फोकस गुरूवर करत बसू नकोस, त्याचा एखादा चंद्र घे, टिंब जितकं बारीक होईल तितकं.

सत्तरीतला_एक:
ट्रॅकिंगवरून आठवलं, कोणी ईक्यू माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षावर फिरून ताऱ्यांमागे जाणारी बैठक) घ्यायचा विचार करत असेल तर घेण्याआधी अक्षांशाचं स्केल कुठपर्यंत खाली येतं ते बघा. आपण साडेपंधरा अंशांवर. बरेच माउंट थंड देशांसाठी बांधलेले, इथे इतके खाली झुकवले की वजनाचा दांडा तिवईच्या पायाला आपटतो. ध्रुवतारा माडांच्या झावळ्यांत, तो दिसेल या आशेवर राहू नका, ड्रिफ्ट अलाइनमेंट, म्हणजे तारा चौकटीत कुठे सरकतो ते बघून अक्ष जुळवणं, शिका. डॉबखाली ठेवायचा, तिला ताऱ्यांमागे फिरवणारा प्लायवूडचा ईक्यू प्लॅटफॉर्म करायला घेतला होता, आपल्या अक्षांशाला त्याचा उत्तरेकडचा तुकडा भलताच उभा होतो, सुताराने हात जोडले.

मडगावची_गच्ची:
पण त्याच साडेपंधराचा फायदा पण बघा ना. गुरू आत्ता मिथुनेत, आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो, ८० अंशांच्या वर. २०२० ला गुरू-शनी दोघं खाली दक्षिणेला होते तेव्हा लंडनवाले बिचारे सोळा-सतरा अंशांवर वाफेतून बघत होते, आपल्याला पन्नासच्या वर मिळत होते. वर असला की हवेचा थर कमी आणि निळा-लाल फाकण्याचा त्रास पण जवळपास नाही.

सत्तरीतला_एक:
फायदा आहे, फक्त डॉब डोक्यावर रोखून ढकलायला गेलात तर तो आडवा फिरायलाच तयार नसतो. म्हणून ऐन डोक्यावर येण्याच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर घ्या.

मागीलदार_डिचोली:
मंडळी रिपोर्ट देतो. वाययूवाय२, ६४० × ४८०, एक्स्टेन्शन नळी घालून एफ/२४ च्या आसपास, फिल्टर आला तो लावला, ऑटो सगळं बंद, दुर्बीण संध्याकाळपासून माडाखाली. जाळी शून्य! उत्तरेकडच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला निळसर शेपट्या दिसतायत, मला आधी धूळ वाटली पण दुसऱ्या तुकड्यात पण आहेत आणि जरा सरकलेल्या. फोटो टाकलाय. प्रत्येकाला वेगळं लिहीत नाही, देव बरें करूं सगळ्यांचं.
दोन अडचणी उरल्या. चित्र अंधारलंय आणि गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवणारं सेटिंग) वाढवला की दाणे येतात. आणि वेव्हलेटचं अजून कुणी सांगितलंच नाही :)

टूकॅमवाले_काका:
फोटो बघितला. त्या शेपट्या खऱ्या आहेत, फेस्टून म्हणतात, शाब्बास. अंधार होणारच, एफ/१६ वरून एफ/२४ ला प्रकाश सव्वादोन पटीने कमी पडतो. एक्स्पोजर १/३० पर्यंत ने, त्याच्यापुढे फ्रेमरेट मरतो, उरलेलं गेनने भर. एका फ्रेममधल्या दाण्यांना घाबरू नकोस, ते स्टॅकमध्ये धुतले जातात.
आता तुझे वेव्हलेट. पहिला लेयर जवळजवळ हातच लावू नकोस, तिथे नॉइज राहतो, उलट तिथला डीनॉइज थोडा वाढव. दुसरा आणि तिसरा हेच कामाचे. जिथे छान दिसायला लागेल तिथून थोडं मागे ये आणि रात्र झोपून सकाळी परत बघ. आकडे मी देणार नाही, तुझ्या स्टॅकचे आकडे तुझे.

रातकिडा_म्हापसा:
मानलं भावा. वेबकॅमचा जमाना गेला हे वाक्य मागे घेतो, कॅमेरा मात्र विकणार नाही.
शनी कधी घेणार?

निशाचर_केपे:
शनी आता मावळतीकडे गेला, यंदा, २०२६ मध्ये, ४ ऑक्टोबरला प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर येतोय, तेव्हा पाऊस पण ओसरलेला असेल. त्याला गुरूपेक्षा सूर्यप्रकाशच साडेतीन पटीने कमी मिळतो, त्यामुळे एफ/२४ वर वेबकॅम हात टेकेल, एफ/१६ वर ये, १/१५ चं एक्स्पोजर चालव. तपशील फिका असतो म्हणून पाच मिनिटं घेतली तरी चालतात. आणि एक सावधगिरी, कडी २०२५ च्या मार्चमध्ये अगदी कडेवर आल्या होत्या, आता उघडतायत पण अजून अरुंदच. वेव्हलेट ओढून कडीत काळी रेघ आली की लगेच कॅसिनी (कड्यांमधली खरी काळी फट) म्हणून नाचू नये. कडीच्या दोन्ही टोकांना ती दिसते का बघ, आणि दोन वेगळ्या व्हिडिओंत एकाच जागी येते का बघ. ग्रहाच्या समोरून जाणाऱ्या कडीत अखंड रेघ दिसली तर ती बहुतेक शार्पनिंगची करामत.

मागीलदार_डिचोली:
म्हणजे जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद. गेल्या पावसात बार्लोवर बुरशीचा ठिपका आला होता, कडेला होता म्हणून वाचलो. काय करता तुम्ही?

काठावरचा_हरमल:
आरसा नळीतच राहू दे, दोन्ही तोंडं झाकून. बार्लो, आयपीस, फिल्टर आणि कॅमेरा रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रता मीटर. काटा पन्नासच्या खाली राहिला पाहिजे. चामड्याच्या नाहीतर फोमच्या मूळ पेटीत ठेवू नकोस, फोमच ओल धरतो. जेल ओलं झालं की ओव्हनमध्ये गरम करून परत वापरता येतं, फक्त निळं घेऊ नकोस, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी मिळतं ते घे. आणि घरच्या भाकरीच्या तव्यावर भाजू नकोस, आईच्या शिव्या मी खाल्ल्यात.